उष्टावणानंतरची वाटी

उष्टावण आपल्याकडे हौसेने होते. मुलाचे सहाव्या किंवा आठव्या महिन्यात आणि मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करावे, ही चाल पुष्कळ घरांतून अजून पाळली जाते. बाळ मामाच्या मांडीवर बसते, सोन्याच्या अंगठीने खीर त्याच्या जिभेला लावतात, बाळ तोंड वाकडे करते आणि जमलेली मंडळी हसतात. गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनाला सहावा महिना सांगितला आहे. जागतिक आरोग्य परिषदेने चार महिने की सहा महिने या दीर्घ वादानंतर २००१ साली जो ठराव केला, तोही याच्या जवळपास येतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध. नंतर वरचे अन्न, आणि त्याबरोबर निदान दोन वर्षे दूध चालूच. मात्र सहावा महिना लागणे आणि सहा महिने पुरे होणे यांत एका महिन्याचे अंतर आहे, ते ध्यानात ठेवलेले बरे. पाचव्या महिन्यात मुलीच्या जिभेला खीर लागली म्हणून काही बिघडत नाही, परंतु त्या दिवसापासून तिला रोज भरवू लागणे हे महिना-दोन महिने लवकर होते.

या जुळणीवरून आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. शास्त्राने समारंभाचा दिवस सांगितला. दुसऱ्या दिवसापासून पुढे दीड वर्ष त्या बाळाला काय, किती, किती वेळा आणि कोणी भरवावयाचे, हे घरातल्या बाईवर सोडून दिले. आजचा आमचा विषय तो दुसरा दिवस आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने हा विषय कशाला घ्यावा, अशी शंका श्रोत्यांना येणे साहजिक आहे. आम्ही डॉक्टर नाही, आणि आमचे शिक्षण शाळेपेक्षा फाटकावरच्या सभांत अधिक झालेले आहे. परंतु गडबसारख्या गावी राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. मुंबई-गोवा महामार्ग गावावरून गेला आहे. डोलवीला पोलादाचा कारखाना, धरमतरची खाडी, खारेपाटातली भातशेती आणि डोंगराच्या अंगाला आदिवासी वाड्या, असा हा मुलूख. येथे बायका भात लावतात, मासळीची पाटी घेऊन बाजाराला जातात, कंत्राटदाराकडे झाडलोट करतात, हमरापूर-जोह्याच्या बाजूला गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करतात, भट्टीवर विटा पाडतात. बाळ सहा महिन्यांचे होते, तेव्हा यांपैकी बहुतेकींची कामावर जाण्याची वेळ झालेली असते. म्हणून बाळाची वाटी आणि कामाची पाळी या दोन गोष्टी आम्हाला वेगळ्या करता आल्या नाहीत.

आधी सहा महिने का, ते पाहू. जन्माच्या वेळी बाळाच्या यकृतात लोहाचा साठा असतो, तो सुमारे सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह असते ते उत्तम पचते, पण असते फार थोडे. म्हणजे सहा महिन्यांनंतर दूध कितीही भरपूर असले, तरी लोहाची तूट पडते. उष्मांकांचेही तसेच. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे सहाशे उष्मांक लागतात. त्यांपैकी चारशेच्या आसपास दुधातून मिळतात, उरलेले दोनशे वरच्या अन्नातून यावे लागतात. नवव्या महिन्यापासून ही वरची गरज तीनशेवर जाते आणि वर्ष उलटल्यावर साडेपाचशेवर. बाळाचे शरीरही याच सुमारास तयार होते. मान धरलेली असते, आधाराने बसता येते, आणि तोंडात घातलेली वस्तू जिभेने बाहेर लोटण्याची उपजत सवय कमी होत जाते. कमी होत जाते म्हटले, एकदम जाते असे नाही. पहिले काही दिवस बाळ घास बाहेर लोटते, याचा अर्थ त्याला तो नको आहे असा घेऊ नये. एखाद्या नव्या चवीची ओळख पटावयास आठ-दहा वेळा ती चव द्यावी लागते. आपण दुसऱ्याच दिवशी ‘याला भोपळा आवडत नाही’ असे जाहीर करून मोकळे होतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे वरचे अन्न म्हणून प्रथम येते ती भाताची पेज, नाहीतर वरणावरचे पाणी. दोन्ही पदार्थ हलके, पचावयास सोपे, म्हणून घरोघरच्या आजीचा त्यांवर भरवसा. यात प्रेम आहे, परंतु हिशेब नाही. हिशेब आम्हाला महागाईभत्त्याच्या कामामुळे करावा लागतो, तोच येथे करून पाहिला. मूठभर, म्हणजे पंचवीस ग्रॅम तांदळात सुमारे ८५ उष्मांक असतात. त्याची चारशे मिलीलिटर पेज केली, तर शंभर मिलीलिटर पेजेत २१ उष्मांक आले. आईच्या दुधात शंभर मिलीलिटरला ६५च्या आसपास असतात. म्हणजे ज्या पेजेने बाळ सुधारावे अशी आपली अपेक्षा, ती दुधाच्या एकतृतीयांश कसाची! बाळाचे पोट वजनाच्या दर किलोला साधारण तीस मिलीलिटर मावेल एवढे असते. सात किलोच्या बाळाचे दोनशे दहा. ते पेजेने भरले तर पंचेचाळीस उष्मांक पदरात पडतात, बाळ तृप्त होऊन झोपते, आणि पुढच्या वेळचे दूध कमी पिते. दूध कमी प्याले की दूध कमी येते. महिन्याभराने वजन थांबते आणि मग दृष्ट काढली जाते.

त्याच मूठभर तांदळाचा गुरगुट्या भात करा. त्यात दहा ग्रॅम मुगाची डाळ शिजवा, वर चहाचा एक चमचा तूप किंवा तेल घाला आणि चमच्याच्या पाठीने घोटा. चमचाभर तुपाचे पंचेचाळीस, डाळीचे पस्तीस, तांदळाचे पंच्याऐंशी, मिळून एकशे पासष्ट उष्मांक लहानशा वाटीत बसतात. बाळ एका वेळी ती सगळी वाटी खाणार नाही, दोन-तीन वेळांत खाईल. परंतु प्रत्येक घास कामाचा ठरेल. जाडी किती असावी याची खूण सोपी आहे. चमचा तिरका केला तर अन्न ओघळू नये, चमच्याला धरून राहावे. जे बाटलीच्या बुचातून जाते ते सहा महिन्यांवरच्या बाळाचे जेवण नव्हे. वरणाच्या पाण्यासंबंधी एवढेच सांगतो की त्यात रंग आणि मीठ उतरते. डाळ तळाशी राहते आणि ती घरातले मोठे खातात.

आमच्या बाजूला नाचणीला मोठा मान आहे, आणि तो योग्य आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते; तांदूळ किंवा गहू यांच्या जवळपासही येत नाहीत. परंतु नाचणीचे सत्त्व दोन तऱ्हांनी करतात आणि त्यांत फरक आहे. एक तऱ्हा अशी की नाचणी भिजवून वाटावयाची, फडक्यातून गाळावयाची, आणि खाली बसलेला पांढरा साका वाळवून ठेवावयाचा. हे दिसावयास सुंदर, पण मुख्यतः पिष्ट. चोथ्याबरोबर प्रथिने आणि लोह यांचा बराचसा भाग निघून गेलेला असतो. दुसरी तऱ्हा म्हणजे नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावयाचे, मग वाळवून, मंद भाजून दळावयाची आणि पीठ चाळावयाचे. ही तऱ्हा पहिलीहून कितीतरी सरस.

मोडाचा आणखी एक गुण आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नाही. धान्याला मोड येताना त्यात पिष्ट फोडणारे एक पाचक द्रव्य तयार होते. घट्ट शिजलेल्या लापशीत मोडाच्या पिठाची चिमूट घालून ढवळले, तर दोन-चार मिनिटांत ती लापशी पातळ होते. पाणी मुळीच वाढलेले नसते, म्हणजे कस तेवढाच राहतो आणि बाळाला गिळावयास सोपे जाते. बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केले. मात्र ही चिमूट भाजलेल्या पिठाची चालत नाही, कारण भाजल्याने ते द्रव्य मरते. उन्हात वाळवून दळलेले थोडे पीठ वेगळे ठेवावे. आणि मोड आणताना जंतूही वाढू शकतात, म्हणून चिमूट घालून लापशी पातळ झाल्यावर तिला पुन्हा एक उकळी द्यावी.

भात, डाळ आणि नाचणी यांनी पोट भरेल, लोह पुरेसे मिळणार नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची शंभरांपैकी सुमारे एकोणसत्तर मुले रक्तक्षयी आढळली. यावर उपाय मासळी, अंडे आणि मांस. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या मार्गदर्शनात सहा महिने पुरे झाल्यापासूनच हे पदार्थ, जमल्यास रोज, द्यावेत असे म्हटले आहे. आमच्या खारेपाटात याची वाण नाही. शेततळ्यातला जिताडा आहे, खाडीची बोय आहे, ओला बोंबील आहे. उकडून, काटा बोटाने चाचपून काढून, मऊ भातात कुस्करले की झाले. सुका जवळा वाळूसकट येतो, तो दोन पाण्यांनी धुऊन, भाजून, पूड करून चाळावा, चिमूटभर पुरतो. खारवलेली मासळी मात्र या वयात नको. गंमत अशी की ज्या घरात रोज मासळीचा वास येतो, त्याच घरात ‘बाळाला उष्ण पडेल’ म्हणून वर्ष दोन वर्षे मासळी देत नाहीत, आणि चहात बुडवलेले बिस्किट मात्र चौथ्या महिन्यापासून देतात. चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. अंड्याचेही तसेच. पांढरे वर्षानंतर द्यावे ही जुनी समजूत आता सोडावी, नीट शिजवलेले सबंध अंडे चालते. शेंगदाणाही लवकर दिल्याने त्याची अॅलर्जी वाढत नाही, उलट कमी होते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमध्ये केलेल्या प्रयोगात दिसले. द्यावयाचा तो बारीक कुटून, अन्नात मिसळून. आख्खा दाणा, फुटाणा, द्राक्ष ही ठसका लागून श्वास कोंडणारी वस्तू आहे, तिच्यापासून चार-पाच वर्षांपर्यंत जपावे. कोणताही नवा पदार्थ थोडा द्यावा आणि दोन-तीन दिवस पाहावे, म्हणजे काही उठले तर कशामुळे ते कळते.

जी घरे मांस-मासळी खात नाहीत त्यांनी डाळ, दही, माठ, शेवग्याचा पाला, लाल भोपळा यांवर भर द्यावा आणि भाजीत लिंबाचे चार थेंब पिळावेत. आंबटाने लोह अधिक मुरते. आशाताई आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध द्यावयास सांगतात, ते कोणत्याही घराने चुकवू नये. मध वर्षाच्या आत मुळीच नको. त्यातून एक भयंकर विषबाधा होण्याचा संभव असतो. मीठ आणि साखर वर्षापर्यंत घालू नयेत. बाळाला अळणी लागत नाही, भरवणाऱ्याला लागते. गाईचे दूध लापशीत चालेल, पण वर्षाच्या आत आईच्या दुधाच्या जागी तेच मुख्य पेय करू नये.

यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही, हे आवर्जून सांगावयास हवे. घरचे कालवण किंवा वरण शिजले की तिखट-मीठ पडण्यापूर्वी दोन पळ्या बाजूला काढाव्या. एवढे केले तर चुलीचे एकही लाकूड जादा जळत नाही. डब्यातल्या तयार अन्नाबद्दल आमचे मत असे की अडीअडचणीला ते असावे. परंतु त्याच्या किमतीत महिनाभराची अंडी येतात. आपल्या देशात १९९२च्या कायद्याने शिशुदुग्धाच्या व बाटल्यांच्या जाहिरातीला आळा घातला आणि २००३च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या सर्व शिशुआहाराची जाहिरात बंद केली, ही फार चांगली गोष्ट झाली.

आजारपणाविषयी थोडे. वरचे अन्न सुरू झाले की हगवणीचे दिवसही सुरू होतात, कारण अन्नाबरोबर हात, भांडे आणि पाणी तोंडात जाते. साबणाने हात धुणे आणि बाटली घरात न आणणे, या दोन गोष्टींनी निम्मे काम होते. हगवण लागली तर जलसंजीवनी द्यावी, दूध चालू ठेवावे आणि जेवण बंद करू नये. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून आठ दिवस पेजेवर ठेवलेले बाळ अशक्त होते आणि पुन्हा आजारी पडते. बरे झाल्यावर दोन आठवडे एक वेळचे जेवण जादा द्यावे.

दुसरे मूल लवकर झाले की पहिल्याचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाई आफ्रिकेच्या गोल्डकोस्टमध्ये काम करीत होत्या. अंगावर सूज, केस तांबूस, कातडी सोललेली अशी मुले त्यांनी पाहिली आणि १९३३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथील गा भाषेत या रोगाला ‘क्वाशिओरकोर’ म्हणत. धाकटे भावंड आल्यामुळे आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाला होणारा तो आजार. आपल्याकडे त्याला सुजवटी म्हणतात आणि वाळत जाणाऱ्या मुलाच्या आजाराला सुकटी. तेथील बायांनी रोगाच्या नावातच कारण सांगितले होते. दूध सुटले आणि त्याच्या जागी आली ती मक्याची पातळ कांजी.

येथपर्यंतचे सगळे आरोग्यसेविका सांगते, आमच्यापेक्षा चांगले सांगते. तरी वर उल्लेखिलेल्याच पाहणीत असे दिसले की सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी देशात अकरांनाच पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळतो, आणि सुखवस्तू घरांतही हे प्रमाण फारसे वर जात नाही. हे कोडे केवळ अज्ञानाने सुटत नाही आणि केवळ दारिद्र्यानेही सुटत नाही.

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रमिक परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र ठरविले. कामगाराचे कुटुंब म्हणजे तीन खाणारी एकके. कमावता एक, पत्नी आठ-दशांश, दोन मुले प्रत्येकी सहा-दशांश. प्रत्येक एककाला डॉ. अॅक्रॉइड यांच्या मापाने २७०० उष्मांक. या सूत्रावर आम्ही आयुष्यभर भांडत आलो आणि अजून भांडू. परंतु सहा महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दोनशेच उष्मांक हवे आहेत. साठ ग्रॅम तांदूळ झाला. अंडे-मासळी धरली तरी तेवढ्यासाठी कोणी कर्ज काढत नाही. बाळाला लागते ते अन्न थोडे, पण दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ. प्रत्येक वेळी बाळाकडे तोंड करून बसावे लागते, घास गिळेपर्यंत थांबावे लागते, तोंड फिरवले तर थोड्या वेळाने पुन्हा विचारावे लागते. एका वेळेला वीस-पंचवीस मिनिटे जातात. दिवसाचा सव्वा-दीड तास झाला. हा तास वेतनाच्या कोणत्याही सूत्रात नाही.

पूर्वी हा तास कसा काढीत ते ऐकण्यासारखे आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळगोळी’ देऊन जात, म्हणजे आई परत येईपर्यंत मूल झोपून राही. १९३१च्या रॉयल कमिशनने ही गोष्ट नोंदवली आणि ती बंद करण्याची शिफारस केली. त्या आयांना नावे ठेवावयास पुष्कळ लोक पुढे आले. गिरणीत पाळणाघर काढावयास मात्र फार थोडे आले. आपल्या जिल्ह्यातल्या गोरेगावी १८७९ साली जन्मलेले नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आणले, ते पडले. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी तशाच विधेयकाची बाजू मांडली आणि १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. पुढे १९४८च्या कारखाने कायद्याने पाळणाघर आणले. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा त्याला पाजण्यासाठी सुटी दिली. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवडे केली आणि पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी पाळणाघर व तेथे दिवसातून चार फेऱ्या मंजूर केल्या. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत. ती नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

सव्वीस आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. बाईने एकही दिवस बाळंतपणापूर्वी घेतला नाही, तर रजा संपते त्याच आठवड्यात बाळाला भरवणे सुरू व्हावयाचे असते. तिने आधी आठ आठवडे घेतले तर बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते, आणि मग घरी पेज सुरू होते. म्हणून रजेइतकेच पाळणाघर महत्त्वाचे आहे. वाटाघाटीच्या टेबलावर पगारवाढीपुढे ही मागणी नेहमी शेवटी जाते आणि शेवटची मागणी पहिल्याने सोडली जाते. आमच्या चळवळीतही हे पुष्कळ वेळा झाले आहे.

पाळणाघर येईपर्यंत दुपारच्या वाटीची सोय कशी लावावी? सकाळी सातला शिजवलेला मऊ भात कोकणच्या उकाड्यात दुपारी एकला बाळाला देणे धोक्याचे. शिजलेले अन्न दोन तासांच्या वर तसेच ठेवू नये. तेव्हा कोरडी वस्तू ठेवावी. दोन भाग तांदूळ किंवा नाचणी आणि एक भाग मुगाची डाळ वेगवेगळी खमंग भाजून दळली, तर पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस टिकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गहू, हरभराडाळ, शेंगदाणे आणि गूळ यांचे असेच मिश्रण कुपोषित मुलांसाठी तयार केले होते. दुपारी आजीने किंवा शेजारणीने ताज्या उकळत्या पाण्यात हे पीठ शिजवून, तेलाचा चमचा घालून, निववून भरवावे. केळे आणि उकडलेले अंडे या देवाने झाकण घालून दिलेल्या वस्तू आहेत. सोलून लगेच कुस्करावयाच्या. आईने सकाळी स्वच्छ भांड्यात काढून ठेवलेले दूध सावलीच्या गार जागी चार तासांपर्यंत चालते. आणि आई संध्याकाळी घरी आली की आधी बाळाला अंगावर घ्यावे, चूल मागाहून. रात्रीचे दूध चालू राहिले तर दिवसाची तूट बरीच भरून निघते.

हे सारे घरात दुसरे माणूस असेल तर. पेण-रोह्याच्या वाड्यांवरील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, तेथे दुसरे माणूस नसते. विटेची मजुरी हजारावर, आणि ती नवरा-बायकोच्या जोडीची. बाई वीस मिनिटे उठली की तेवढ्या विटा कमी पडतात, आणि शनिवारच्या खर्चीत ते दिसते. बाळाला भरवणारी बहुधा सहा-सात वर्षांची बहीण असते. तिला आम्ही काय जाडी आणि उष्मांक शिकवणार? सव्वीस आठवड्यांची रजा आणि पाळणाघराचे कलम या बाईपर्यंत पोचलेले नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला व नंतर कोसबाडला आदिवासींच्या अंगणातच बालवाडी नेली आणि पाळणाघर, बालवाडी व शाळा एका छपराखाली आणली. अंगणवाडी हा शब्द तेथला. १९७५ साली सरकारने देशभर अंगणवाड्या काढल्या तेव्हा शब्द घेतला, पाळणाघर मागे राहिले. तीन वर्षांच्या आतील मुलांसाठी घरी न्यावयाचे पाकीट मिळते, आणि भट्टीवरच्या झोपडीत ते पाकीट सगळ्यांचे होते. २०२२पासून ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. ती भट्टीच्या पट्ट्यात प्रथम यावी, असा आमचा आग्रह आहे.

त्याला लागते काय? एक सावलीची खोली, पिण्याचे पाणी, एक शेगडी, झाकणाची भांडी, आणि पुऱ्या दिवसाचा पगार घेणाऱ्या दोन बाया. भट्टीचा हंगाम सहा-सात महिन्यांचा असल्यामुळे इमारत बांधण्याचेही कारण नाही. तोवर करण्यासारखी गोष्ट अशी की कुटुंब गाव सोडून आले असले, तरी भट्टीजवळच्या अंगणवाडीत बाळाची नोंद करून घेता येते. भट्टीवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी पहिल्याच आठवड्यात ही नोंद करावी. जाताना लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्यावे. आईला तारीख आठवत नसली तरी जन्मतारीख त्यावर असते, आणि तिच्यावरून सहा महिने केव्हा भरतात ते मोजता येते.